पुटपुटलास काय रे? – डीएम ताईला विचारा

या महिन्याचं टपाल उघडलं तर जवळपास सगळी पत्रं एकाच दुखण्याची. कुणीतरी चारचौघांत स्पेल, म्हणजे जादू, टाकला आणि मग टेबलावर भांडण जुंपलं की समोरच्या माणसाने आता करायचं काय. गुहेतल्या गॉब्लिनचं बरं असतं, फायरबॉल पडला की तो मरतो, त्याचं मत विचारायला कुणी जात नाही. भानगड होते ती टोलनाक्यावर, सराफाच्या दुकानात, दरबारात. तुम्ही बहुतेक सगळे डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळताय, कुणी २०१४ ची पुस्तकं घेऊन तर कुणी २०२४ ची, तर मी पण तीच धरून बोलते, फरक असेल तिथे सांगेन. नवख्यांसाठी थोडक्यात : टेबलाभोवती बसून फाशांवर गोष्ट खेळायची, प्रत्येक प्लेअरचं एक पात्र, त्या पात्रांची टोळी म्हणजे पार्टी, आणि डीएम म्हणजे डन्जन मास्टर, तो गोष्ट चालवतो आणि बाकीची सगळी माणसं, म्हणजे एनपीसी, खेळतो. बार्ड, विझर्ड, सॉर्सरर, क्लेरिक हे जादू करणाऱ्या पात्रांचे प्रकार.

प्रश्न : ताई, आठ महिने झाले डीएम म्हणून. आमच्या बार्डने टोलनाक्यावरच्या कारकुनावर चार्म पर्सन, तो भुरळ घालायचा स्पेल, टाकला, शेजारीच दोन शिपाई उभे होते. मी म्हटलं शिपायांनी बघितलं, तलवारी निघाल्या. तर बार्ड म्हणतो, मी मंत्र हळूच म्हटला, आणि बाकीच्यांना कळतं असं स्पेलमध्ये लिहिलंय कुठे? अर्धा तास नुसती वादावादी. बरोबर कोण? – एक डीएम, नाशिक

उत्तर : बरोबर तूच, पण तलवारी फार घाईने काढल्यास.

आधी बार्डचं बघू. चार्म पर्सनला मंत्र म्हणावा लागतो आणि हातही हलवावे लागतात, दोन्ही. २०१४ च्या पुस्तकात स्पष्ट आहे की ताकद शब्दांत नसते, ठराविक पट्टीत आणि ठराविक घुमाऱ्याने जो आवाज उमटतो त्यात असते. म्हणजे गाण्यासारखंच, सूर गेला की गेलं. २०२४ च्या पुस्तकाने तर वादच मिटवलाय, मंत्र नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणायचा असं सरळ लिहून टाकलंय. त्यामुळे हळूच म्हटलेला मंत्र म्हणजे न म्हटलेला मंत्र. आणि आवाज किती लांब जातो याचा एक छोटा तक्ता डीएम स्क्रीनवर, म्हणजे डीएमच्या पुढ्यातल्या आडोशाच्या पुठ्ठ्यावर, आहे, साध्या आवाजाला टू डी सिक्स, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, टाकायचे आणि दहाने गुणायचं, तितके फूट. सरासरी काढली तर ७० फूट येतात. चार्म पर्सनचा पल्ला ३० फूट. तर ज्याच्यावर टाकलाय त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायांना ऐकू गेलं नाही असं म्हणायला ते बहिरे तरी हवेत नाहीतर नाक्यावर बैलगाड्यांचा कालवा तरी हवा.

आता तुझं. शिपायांना ऐकू गेलं, दिसलं, मान्य. पण कळलं काय? कुणी स्पेल टाकताना तो कुठला आहे हे ओळखायचं तर २०१७ साली झॅनाथार्स गाइड या जोडपुस्तकात आलेला नियम आहे, रिअ‍ॅक्शन खर्च करून आर्केना चेक, म्हणजे जादूच्या माहितीची परीक्षा, वीस बाजूंच्या फाशात बोनस मिळवून डीसीचा आकडा गाठायचा, आणि डीसी १५ अधिक स्पेलची लेव्हल. चार्म पर्सन पहिल्या लेव्हलचा, म्हणजे १६. पुस्तकातल्या साध्या गार्डची बुद्धी १०, बोनस शून्य, तर चारातून एकदा जमणार, आणि तेही तू त्याला आर्केना येतं असं धरलंस तर. मी नाक्यावरच्या शिपायाला धरत नाही. म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे घडलं ते एवढंच : परका माणूस आला, काहीतरी अगम्य बोलला, बोटं नाचवली, आणि सकाळपासून प्रत्येकावर खेकसणारे आपले कारकूनसाहेब एकदम खुलले, या या म्हणत स्टूल पुढे केलं.

यावर माणूस तलवार काढत नाही रे. माणूस आधी म्हणतो, "ए, काय केलंस तू आत्ता?" एक हात मुठीवर जातो, दुसरा शिपाई कारकून आणि बार्डच्या मधे येऊन उभा राहतो. आणि खरी मजा तर पुढे आहे. कारकून स्वतःच म्हणणार, "अरे सोड त्यांना, आपल्या ओळखीचे आहेत." तो चार्म झालाय ना, त्याला बार्ड जुना ओळखीचा वाटतोय. आता शिपायाने करायचं काय? साहेबाचं ऐकायचं, का साहेबावर चेटूक झालंय असं साहेबाच्याच तोंडावर म्हणायचं? नोकरी कुणाची जाईल? ते दहा सेकंद खेळून बघ पुढच्या वेळी, तलवारबाजीपेक्षा जास्त रंगतं, आणि बार्डला पण बोलून निसटायची एक संधी मिळते.

मी स्वतः तीनच गोष्टी बघते. त्याला दिसलं-ऐकू आलं काय, त्याने त्याचा अर्थ काय लावला, आणि यात त्याचं काय जाणार आहे. पहिल्या दोन सगळे डीएम करतात, तिसरी विसरतात, आणि मग प्रत्येक एनपीसी एकतर दगडासारखा उभा राहतो नाहीतर बोंबलत अंगावर येतो.

अजून एक सांगते, स्वतःचीच चूक आहे म्हणून मोकळेपणाने. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी सेशन असतं, नवीन मुलगा आला होता, विझर्ड घेतलेला, त्याने सराफाशी घासाघीस करताना फ्रेंड्स हा कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा फुकट टाकता येणारा छोटा स्पेल, टाकला. २०१४ चा फ्रेंड्स एक मिनिट चालतो, तेवढा वेळ करिश्माच्या, म्हणजे छाप पाडायच्या, चेकला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), आणि संपला की समोरच्याला कळतं की आपल्यावर जादू चालवली आणि तो थेट वैरी होतो. पोराने शेवटची ओळ वाचलीच नव्हती. मला माहीत होतं त्याने वाचली नाहीये, आणि मी गप्प बसले, म्हटलं बघू या गंमत. गंमत झाली, सराफाने शिट्टी फुंकली, पार्टीचे अडीचशे सोन्याचे कॉइन्स जामिनात गेले आणि तो मुलगा दोन आठवडे आलाच नाही. नंतर माझ्या लक्षात आलं, अरे त्याच्या विझर्डने तर वर्षानुवर्षं त्या स्पेलचा अभ्यास केलेला, त्याला तो काय करतो हे ठाऊक असणारच, माहीत नव्हतं ते ऑफिसातून थेट सातला येऊन बसलेल्या पोराला. तेव्हापासून मी स्पेल पडायच्या आधी सांगते. "बघ, त्याला दिसणार, आणि मिनिटाने कळणार. टाकतोस?" एवढंच. तरी टाकला तर मग शिट्टी.

तुझ्या बार्डलाही हे आधी सांगितलं असतंस तर अर्धा तास वाचला असता.

प्रश्न : मी सॉर्सरर आहे, सटल स्पेल, म्हणजे गुपचूप जादू टाकायची कला, घेतलाय. तरी आमचा डीएम म्हणतो की माझे डोळे चमकतात, हवेत गारठा येतो, लोकांना "काहीतरी जाणवतं". मग मी पॉइंट कशाला जाळतेय? – ठाणे

उत्तर : तू बरोबर, डीएम चूक, आणि हे त्याला दाखवायचं असेल तर दाखव. सटल स्पेलला एक सॉर्सरी पॉइंट जातो आणि मंत्र आणि हातवारे दोन्ही गळतात. झॅनाथार्सचाच नियम आहे की जिथे मंत्र, हातवारे, साहित्य यातलं काहीच उरत नाही तिथे स्पेल टाकताना कुणाला कळत नाही. काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल, तोही बसत नाही त्यावर, कारण काउंटरस्पेल करणाऱ्याला तू स्पेल टाकताना *दिसावी* लागतेस. डोळे चमकवायचे असतील तर छान दिसतं हं, पण ते तुझ्या परवानगीने आणि फुकटच्या स्पेलला. पैसे भरून घेतलेल्या गोष्टीला नाही.

दोन पाचरी मात्र आहेत. एक म्हणजे २०१४ च्या नियमात सटल स्पेलने साहित्य गळत नाही. सजेशनला, म्हणजे समोरच्याच्या गळी एखादी गोष्ट उतरवायच्या स्पेलला, सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा नाहीतर गोड तेलाचा थेंब लागतो, त्याऐवजी फोकस (स्फटिकासारखी जादूची वस्तू) चालतो, पण फोकस हातात तर दिसणार ना. दरबारात सगळे पान खात बसलेत आणि तू एकटी स्फटिक कुरवाळतेस, दिसतंच ते. चार्म पर्सनला साहित्य नाही, तिथे तू मोकळी. दुसरी पाचर म्हणजे स्पेल *टाकणं* लपतं, *परिणाम* लपत नाही. आणि चार्म पर्सन तासाभराने संपला की त्याला कळतं की आपल्याला भुरळ घातली आणि ती तू घातलीस, ते सटल स्पेलने पुसलं जात नाही.

बाकी तुमच्या टेबलावर बार्ड किंवा विझर्ड "मी स्टेल्थ रोल करून गुपचूप टाकतो" म्हणत असेल तर तू आवाज उठव. ज्याचे तू पॉइंट मोजतेस ते दुसऱ्याला एका रोलवर फुकट, हे कसं चालेल. मी एवढंच देते की जागा बघून मंत्र दबू शकतो. बाजाराचा गलका, बंद दार, पाठमोरा माणूस, लग्नाची वरात चाललीये आणि ताशा वाजतोय, तिथे हरकत नाही. ती जागा शोधायचं डोकं प्लेअरने लावावं, फाशाने नाही.

प्रश्न : चार्म संपल्यावर एनपीसीला कळतं हे ठीक. पण कळल्यावर तो *काय करतो*? आमच्याकडे दर वेळी एकच होतं, तो चिडतो आणि पहारेकऱ्यांना बोलावतो. आता पार्टीने चार्म वापरणंच सोडलं. – एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

फोनवर ओटीपी सांगून पैसे घालवलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असेल. त्या लोकांकडे बघा. एक जण तासाभरात पोलीस स्टेशनला जातो, सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, भेटेल त्याला सांगतो. दुसरा बायकोला सुद्धा सांगत नाही. तिसरा म्हणतो मला आधीच शंका आली होती (आली नव्हती). चौथा पुढचे सहा महिने बँकेचा खरा फोन आला तरी कापतो. फसवणूक एकच, माणसं चार. चार्म पर्सन ही ओटीपीचीच गोष्ट आहे, फक्त चोराने थेट डोक्यातूनच ओटीपी काढून घेतला.

मग बघायचं काय, तर चार्म असताना त्याच्याकडून *करवून काय घेतलं*. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तुम्हाला विनापरवाना आत सोडलं, आता त्याने तक्रार करायची म्हणजे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं की मी सोडलं. तो गप्प बसण्याची शक्यता जास्त, पण तुमचा चेहरा त्याने मनात कोरून ठेवलाय, आणि पुढच्या फाटकावर त्याचा मेहुणा असतो. व्यापाऱ्याने वीस टक्के सूट दिली, तो मात्र अख्ख्या पेठेत सांगणार, कारण त्याची लाज कमी आणि राग जास्त, शिवाय बाकीच्या दुकानदारांना सावध करण्यात त्याचाही फायदा आहे. उद्या तुम्ही कुठल्याही दुकानात शिरलात तर मालक आधी म्हणेल, "हात वर ठेवून बोला." आणि सरदाराच्या कारभाऱ्याने धन्याचं गुपित सांगितलं असेल तर तो तुमच्याकडेच येईल, रात्री, एकटा, घाबरून. हे कुणाला सांगू नका म्हणून. आता हा शत्रू झाला का हातातलं प्यादं झालं, हे पार्टीने ठरवायचं.

माझ्या टेबलावरचं एक सांगते. पार्टीला जुना नकाशा बघायचा होता, शहराच्या दप्तरखान्यात एक म्हातारा दप्तरदार, नियमाचा पक्का, दाद देईना. चार्म टाकला, लागला. मी त्या तासात त्याला चांगला मोकळा केला, त्याने नकाशा तर दाखवलाच, वर चहा टाकला, समुद्रावर गेलेल्या मुलाचं एकच पत्र होतं ते पेटीतून काढून वाचून दाखवलं. प्लेअर्स ऐकत बसले, एक जण तर नकाशा काढायचा विसरला. पार्टी निघून गेली, तास संपला. पुढच्या सेशनला त्यांना परत एक कागद हवा होता. गेले. म्हातारा दारातच उभा, दुपारचे बारा वाजलेत, दप्तरखाना उघडा दिसतोय, आणि तो म्हणाला, "दप्तर बंद आहे." बस. आरडाओरडा नाही, शिपाई नाही. टेबलावर कुणी काही बोलेना. बार्ड खेळणारी मुलगी म्हणाली की आपण त्याला नुसतं नीट विचारलं असतं तर? आणि पुढचे तीन सेशन्स ती पार्टी त्या म्हाताऱ्याचा मुलगा शोधत बंदरोबंदर फिरली, माझी सगळी तयारी बाजूला ठेवून. मला पहारेकऱ्यांनी हे मिळालं नसतं.

स्पेलप्रमाणे फरक पण लक्षात ठेवा. सजेशनमध्ये संपल्यावर कळतं अशी ओळच नाही. त्याला आपण काय केलं ते आठवतं, आणि २०१४ च्या नियमाने ती गोष्ट पटण्यासारखी मांडावी लागते, त्यामुळे बहुतेक जण स्वतःचं स्वतःच समाधान करून घेतात, "मलाच वाटलं द्यावा घोडा." पण समोर कुणी मंत्र म्हणाल्याचं आठवलं की रात्री झोप लागणार नाही. डिटेक्ट थॉट्समध्ये वरवरचे विचार वाचले तर पत्ता लागत नाही, खोल शिरायला गेलात की त्याला कळतं कुणीतरी डोक्यात आहे. आणि २०१४ च्या पुस्तकात एक सर्वसाधारण नियमही आहे, ज्याचा दिसण्यासारखा परिणाम नाही तो स्पेल आपल्यावर टाकला गेलाय हे टार्गेटला कळेलच असं नाही, स्पेलमध्ये वेगळं लिहिलं असेल तरच.

"सेव्ह पास झाला तर कळतं का" हे पण बरेच जण विचारतात (सेव्ह म्हणजे स्पेल झटकून टाकायला टार्गेटने टाकलेला फासा). जुन्या साडेतीन आवृत्तीत होतं, सेव्ह पास झाला की अंगावर शिरशिरी यायची, काहीतरी वाईट आलं होतं एवढं कळायचं. पाचवीत ते काढून टाकलं. पण कान आणि डोळे काढलेले नाहीत. तुम्ही तोंडावर मंत्र म्हटलात, बोटं नाचवलीत आणि काहीच झालं नाही, तर तो विचारणारच की हे काय चाललं होतं. माझ्या मते हे चार्म लागण्यापेक्षा वाईट, कारण आता त्याची बुद्धी शाबूत आहे आणि शंका ताजी आहे.

प्रश्न : आमची क्लेरिक प्रत्येक बोलाचालीआधी रोगच्या, म्हणजे आमच्या चोर पात्राच्या, खांद्यावर हात ठेवून गायडन्स टाकते, तो डी फोर, म्हणजे चार बाजूंचा जादा फासा, मिळावा म्हणून. डीएम म्हणतो व्यापारी बिथरला. आशीर्वादच तर देतेय! – कोल्हापूर

उत्तर : आशीर्वाद आहे हे तुम्हाला माहीत, व्यापाऱ्याला कसं माहीत? त्याच्या कानाला गायडन्स आणि चार्म पर्सन सारखेच, दोन्हींत मंत्र, दोन्हींत हातवारे.

पण इथे मी डीएमच्या बाजूने पूर्ण नाही. आपल्याकडे ड्रायव्हर गाडी सुरू करताना मोरया म्हणतो, बोहनीच्या पैशाला दुकानदार कपाळाला लावतो, आणि शेजारचा माणूस दचकत नाही, कारण हे रोजचं आहे. क्लेरिकच्या गळ्यात त्या गावातल्याच देवाचं चिन्ह असेल आणि ती दाराबाहेरच उभं राहून चार शब्द म्हणत असेल तर व्यापारी पण हात जोडेल. परक्या देवाचं चिन्ह, आणि नेमकं भाव सांगायच्या क्षणी पुटपुटणं, मग तो म्हणणार की ताई तुम्ही बाहेर थांबा, मी ह्यांच्याशी एकट्याशी बोलतो. हे बिथरणं नाही, हा धंदा आहे. गायडन्स एक मिनिट टिकतो, दाराबाहेर टाकून आत जा, पहिलं वाक्य नीट तयार ठेवा.

आणि जग कुठलं आहे ते सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, विचारून घ्या, अर्धी भांडणं तिथे मिटतात. एबेरॉनमध्ये, २००४ साली आलेलं जग, रस्त्यावरचे दिवे जादूचे, गाड्या जादूच्या, तिथे कॅन्ट्रिप बघून कुणी मान पण वळवणार नाही. १९९१ च्या डार्क सनमध्ये विझर्डची जादू आसपासची झाडं-गवत जाळून चालते, जग त्यानेच वाळवंट झालंय, तिथे लोक मंत्र ऐकून दगडच उचलतात आणि त्यांचं चुकत नाही. फर्गॉटन रेल्म्समधलं वॉटरडीप शहर या दोन्हींच्या अधलंमधलं, तिथे जादूगारांची रीतसर संघटना आहे आणि अधिकाऱ्यावर त्याच्या संमतीशिवाय जादूने प्रभाव टाकणं हा नोंदलेला गुन्हा आहे. तर तुमचं कोल्हापूरचं टेबल यातलं कुठल्या गावात बसलंय, ते आधी ठरवा.

प्रश्न : मी कोकणासारखं जग रचलंय, खाडी, माडाची बनं, देवराई. गावकरी विझर्डला बघून "करणी केली" म्हणतील का? – रत्नागिरी

उत्तर : म्हणतील, पण विझर्डला नाही म्हणणार. इथे नीट विचार कर कारण विषय आपल्या घरचा आहे.

हातातून ठिणग्या उडाल्या तर लोक लांब होतील, बघायला जमतील, कदाचित आपल्या पोराचा ताप उतरवायला घेऊन येतील. करणीची भीती वेगळी असते, ती *न दिसलेल्या* गोष्टीची असते. म्हैस आटली, लागोपाठ दोन मुलं आजारी पडली, होडी परत आली नाही, आणि कारण सापडत नाही. मग बोट कुणाकडे जातं? चिलखत घातलेल्या, पाच जणांच्या हत्यारबंद टोळीतल्या विझर्डकडे कधीच जात नाही. जातं ते गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या विधवेकडे, जिच्या जमिनीवर चुलत दिराचा डोळा आहे तिच्याकडे. आपल्याकडे हे नुसतं गोष्टीतलं नाही, नंदुरबारकडे सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून छळल्याची खरी प्रकरणं आहेत, आणि महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला त्यात कुणी करणी करतो असा आळ घेणं हा पण गुन्हा धरलाय.

तर तुझ्या खेळात असं करून बघ. पार्टीने गावच्या खोतावर चार्म टाकला आणि सकाळी निघून गेली. खोताला तासाभराने कळलं की भुरळ पडली होती. चार्म पर्सनच्या नियमाने कुणी टाकली हे *त्याला* माहीत आहे. पण गावाला काय सांगेल? परके येऊन मला गुंडाळून गेले म्हणेल, का "गावातच कुणीतरी केलंय" म्हणेल, विशेषतः कुणाची जमीन हवी असेल तर? महिन्याने पार्टी परत येते तेव्हा ते झोपडं जळलेलं आहे. हे टेबलावर आणायच्या आधी सगळ्यांना विचार मात्र, काहींना हे खेळात नको असतं आणि त्यात काही चूक नाही.

प्रश्न : एवढा विचार करायला वेळ नसतो ओ. पटकन ठरवायची काही युक्ती? – पुणे

उत्तर : आहे, आणि ती तुझ्या-माझ्याहून जुनी असेल. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक संचात टू डी सिक्सचा रिअ‍ॅक्शन रोल होता. २ आला तर लगेच हल्ला, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ गोंधळ, ९ ते ११ हल्ला नाही, निघून जाईल किंवा बोलणं ऐकून घेईल, १२ आला तर गळ्यात गळा. मी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या आत चिकटवलाय. विनाकारण तोंडावर मंत्र म्हटला तर दोन वजा, आधी विचारून टाकला तर दोन अधिक. मधला गोंधळाचा पट्टा सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो फार खरा आहे, अचानक काही घडलं की माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडेच बघतात.

प्रश्न : झोन ऑफ ट्रूथमध्ये, जिथे खोटं बोलता येत नाही, उभं राहायला एनपीसीने नकार दिला तर तो दोषी समजायचा का? आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) समजतो. – नागपूर

उत्तर : पॅलाडिनला सांग की आधी तू उभा राहा, दहा मिनिटं, सासऱ्यांसमोर. मग ठरवू.

प्रश्न : ताई, गंभीर काही नाही, पण घाबरलेला साधा माणूस नेमकं *ओरडतो काय*? मी दर वेळी "जादूगार! जादूगार!" म्हणते आणि सगळे हसतात. – डोंबिवली

उत्तर : हसणारच, असं कुणी ओरडत नाही. मुलाचं नाव घेऊन ओरडतात, "बाळ्या, आत ये आधी!" भाजीवाली टोपली आवरत म्हणते, "माझ्या दुकानापुढे नको हं, तिकडे जाऊन करा काय ते." म्हातारा म्हणतो, "मागल्या वेळी आलेला तो पण असाच हात करायचा." कुणीतरी नुसतं थुंकतं आणि दार लावून घेतं. आणि एक चहाच्या टपरीवरचा पोरगा हमखास पुढे येतो आणि म्हणतो, परत करा ना एकदा.